ह्ये मी न्हाई म्हणलं

आमच्या शाळेत टीव्ही आला तो भाताच्या पेंढ्यावर बसून. उर्स्याकडच्या एका कारखान्याने तो भेट दिला होता. त्यांचा टेम्पो पवनानगरपर्यंत आला आणि थांबला, कारण पुढच्या रस्त्यावर खडी पसरून ठेवलेली होती. मग गावातल्या एकाने ट्रॅक्टर काढला, ट्रॉलीत पेंढा अंथरला आणि तो भलामोठा खोका नवरदेवासारखा हळूहळू धरणाच्या कडेकडेने वाडीपर्यंत आणला. पोरं ट्रॉलीमागे पळत होती. मी शाळेच्या पायरीवर उभी राहून पाहत होते आणि खरं सांगते, मलाही पळावंसं वाटत होतं.

आमची शाळा पहिली ते चौथी. दोन खोल्या, दोन शिक्षक. पहिली-दुसरी मुख्याध्यापक सरांकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. मी लोणावळ्याजवळच्या वलवणची. रोज सकाळी स्कूटर काढायची आणि दुधिवरे खिंड उतरून शाळा गाठायची, हा माझा कित्येक वर्षांचा शिरस्ता. टीव्ही माझ्या खोलीत लागला, कारण माझ्या भिंतीला ओल कमी होती. सरांनी लगेच त्याला रेक्झिनचं कव्हर शिवून घेतलं. रिमोट मात्र त्यांच्या शर्टाच्या खिशात, पेनाच्या शेजारी. सर कंजूष नव्हते, धास्तावलेले होते. "मॅडम, मोडला तर पुन्हा कोण देणार आहे?" असं म्हणायचे, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

पहिले काही आठवडे आम्ही त्यावर कविता ऐकल्या, ग्रह पाहिले, समुद्राच्या तळाचे मासे पाहिले. पोरं मांडी घालून, तोंड उघडं टाकून बसायची. बाहेरून कुणी डोकावलं असतं तर म्हणालं असतं, काय शिस्त आहे! मला मात्र ती शांतता खुपायला लागली. माझा वर्ग म्हणजे चिमण्यांचं झाड. पाढे म्हणताना भांडणारा, गणित सोडवताना एकमेकांच्या वहीत डोकावणारा, प्रश्न विचारायच्या आधीच उत्तर फेकणारा. टीव्ही लागला की हे झाड गप्प. बंद केला की पोरं डोळे चोळत उठायची आणि मी काही विचारलं तर म्हणायची, "छान हुतं बाई." बस्स, एवढंच.

त्या वर्गात चौथीत एक मुलगी होती. तिची आई धरणाकाठी पर्यटकांसाठी जे तंबू लागतात तिथे स्वयंपाकाला जायची, वडील होडी घेऊन मासे धरायचे. करोनात शाळा बंद होत्या त्या काळात तिची पहिली गेली, आणि दुसरी अर्धीमुर्धी. अक्षर तर असं की मोत्यांनी मान खाली घालावी. फळ्यावरचं उतरवून घेण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. धडे तिचे तोंडपाठ. म्हणूनच मला कळायला वेळ लागला. ती वाचत नव्हती. बोट एका शब्दावर असायचं आणि तोंडात पुढचा तिसराच शब्द. एकदा मी तिच्यापुढे न शिकवलेलं पान ठेवलं. तिने पानाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बाई, डोकं दुखतंय."

मग सुरू झाली आमची झटापट. अक्षरकार्डं झाली, बाराखडी झाली, वाळूत बोटाने गिरवणं झालं. सुटी अक्षरं तिला येत होती. क दाखवला की क म्हणायची, म दाखवला की म. पण क-म-ळ असं ओळीत आलं की जणू तिघेही अनोळखी पाहुणे. पहिलीच्या पोरांबरोबर बसून वाचन घे म्हटलं की दुसऱ्या दिवशी तिचा खाडा. दहा वर्षांच्या मुलीला लाज वाटणारच. मी जोर करणं सोडलं, पण ती डोक्यातून जात नव्हती.

दिवाळीनंतरची गोष्ट. भोपळा चिरताना माझा उजवा अंगठा विळीवर चांगलाच कापला. पट्टी बांधलेल्या अंगठ्याने मोबाइलवर काही लिहिता येईना. माझ्या मुलाने घरी दाखवलं, "आई, हे माइकचं चिन्ह दाब आणि बोल. ते आपोआप लिहितं." मी दोन दिवस तसेच निरोप पाठवत होते. बोलून लिहायची ही सोय मोबाइलमध्ये कधीपासून होती, पण मी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

त्या सकाळी सर बैठकीला पवनानगरला गेले होते, त्यामुळे दोन्ही वर्ग माझ्याकडे. शाळेतला तांदूळ संपत आला होता. मी मोबाइल तोंडाजवळ धरून म्हणाले, "सर, तांदूळ दोन दिवस पुरेल. येताना चौकशी करून या."

समोर बसलेला तिसरीतला एक बडबड्या ताडकन उठला. "बाई, ह्यो तुमचं ऐकून लिव्हतो?"

"हो."

"आमचं बी लिव्हंल?"

आता या प्रश्नाला नाही कसं म्हणायचं? एवढी पोरं एका मोबाइलवर वाकली असती तर डोकी फुटली असती. केबल होती, मोबाइल टीव्हीला जोडता येत होता. पण रिमोट सरांच्या खिशात, आणि सर पवनानगरला. मी कव्हर काढलं, टीव्हीच्या खालच्या अंगाने हात फिरवला आणि तिथे एक बारीकसं बटण सापडलं. दाबलं. टीव्ही लागला! पोरांनी अशी आरोळी ठोकली की मीच दचकले.

नेट खिडकीच्या एका कोपऱ्यातच यायचं, म्हणून मोबाइल खिडकीच्या दांडीला टेकवला. बडबड्या पुढे आला. छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाला, "आमच्या म्हशीला रेडकू झालं!"

पडद्यावर शब्द उमटले. आमच्या. म्हशीला. रेडकू. झालं.

मग जो काही गोंधळ उडाला! जो तो पुढे घुसायला लागला. पहिलीतला एकजण नुसताच "आबा! आबा!" असं ओरडला आणि पडद्यावर दोनदा आबा आले. एका पोरीने घरच्या सगळ्या कोंबड्या मोजून दाखवल्या. बडबड्या पुन्हा रांगेत शिरून म्हणाला, "आमी काल गडावर गेलतो." पडद्यावर आलं, "आम्ही काल गडावर गेलो तो." ते "गेलो तो" मला खटकलं, पोरांना त्याचं काहीच नव्हतं. आपलं तोंडातलं बोलणं भिंतीवर चढून बसलं, यातच ती सगळी गुंग. अन् माझं झाड पुन्हा किलबिलत होतं. टीव्ही चालू असताना!

ती मात्र शेवटच्या ओळीत भिंतीला टेकून बसलेली. पडद्याकडे एकटक पाहत होती, पण रांगेत आली नाही. मीही बोलावलं नाही.

मधली सुट्टी झाली. पोरं खिचडीच्या ओळीत गेली. मी केबल काढणार एवढ्यात दारात ती उभी. हात नुकतेच धुतलेले, फ्रॉकला पुसत होती.

"बाई, मी बोलू?"

"बोल की."

ती खिडकीपाशी गेली. मोबाइलकडे न बघता बाहेर पाण्याकडे बघत म्हणाली, "माझ्या आईनं काल मरळ आणली. लय मोठी हुती. आमाला काटा न्हाई लागला."

मरळ म्हणजे धरणात मिळणारा मासा. घरात मरळ शिजणं म्हणजे त्यांच्याकडे सणच. तिने मान वळवून पडद्याकडे पाहिलं. तिथे लिहिलं होतं, "माझ्या आईने काल मराठी आणली. लय मोठी होती. आम्हाला काटा न्हावी लागला."

मी हसू दाबलं. म्हटलं, चला, निदान बोलली तरी. मी पुसायला हात पुढे केला तर ती म्हणाली, "थांबा बाई."

ती पडद्याच्या अगदी जवळ गेली. टाचा उंचावल्या. पहिल्या ओळीवरून बोट सरकवत नेलं. माझ्या. आईने. काल. बोट थांबलं. मागे आलं, पुन्हा पुढे गेलं. तिच्या कपाळावर आठी पडली आणि ती वळून मला म्हणाली, "ह्ये मी न्हाई म्हणलं."

"काय नाही म्हणालीस?"

"ह्ये." बोट बरोबर त्याच शब्दाखाली होतं. "मी मरळ म्हणलं. ह्यानं दुसरंच काय तरी लिव्हलंय. ह्याच्यात ठी कुटनं आली?"

मी आवाज शक्य तितका साधा ठेवून विचारलं, "मग काय लिहिलंय त्याने?"

ती पडद्याकडे वळली. ओठ हलत होते. "म... रा... ठी." थांबली. "मराठी! बाई, आपल्या पुस्तकावर असतंय तेच! आईनं मराठी आणली!" आणि ती खळखळून हसायला लागली. तिला असं हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते. मग तिसऱ्या ओळीवर गेली. "काटा... न्हा... वी... न्हावी!" आता तिला उभं राहवेना. "बाई, काट्याला न्हावी लागला!"

आम्ही दोघी त्या रिकाम्या वर्गात हसत होतो. तिला न्हाव्याचं हसू येत होतं. मला वेगळ्याच गोष्टीचं. महिनोन्महिने जी दारं मी ठोठावत होते त्यांतलं एक दार आतून उघडलं होतं. ती वाचत होती. शब्द तिचेच होते, त्यामुळे तिथे काय असायला हवं ते तिला ठाऊक होतं. आणि जिथे ते नव्हतं तिथे तिला अक्षर अन् अक्षर तपासावं लागलं.

"मग मरळ कसं लिहायचं?" मी विचारलं.

"ठी काढायची. रा चा काना काढायचा. ळ पायजे."

मी मोबाइल तिच्या हातात दिला. अक्षरांच्या गर्दीत तिने ळ शोधून काढला. मरळ. मग तिने ते एकदा वाचलं, दोनदा वाचलं, आणि खिचडी विसरून पळत बाहेर गेली, पोरांना सांगायला.

संध्याकाळी सर आले. त्यांना सगळ्यात आधी काढून ठेवलेलं कव्हर दिसलं. खिसा चाचपून म्हणाले, "रिमोट तर माझ्याकडे होता!" मी बटणाचं सांगितलं, मग तिचं सांगितलं. माझं बोलणं बहुतेक एका दमात चाललं असावं, कारण ते म्हणाले, "आधी बसा, पाणी प्या." दुसऱ्या दिवशी आपला वर्ग लेखनाला बसवून ते दारात उभे राहून पाहत होते.

पाहून झाल्यावर त्यांची शंका रास्त होती. "मॅडम, यंत्र चुकीचं लिहितंय आणि आपण ते मुलांना दाखवतोय. चूकच डोक्यात बसली तर?"

"सर, फळ्यावर मी मुद्दाम चूक लिहिली तर ती कुणी शोधत नाही. बाईंचं बरोबरच असणार, असं धरून चालतात. या डब्याचा कुणाला मान नाही. त्याची चूक काढायला सगळे टपलेले असतात."

सर हसले. पण तेवढ्यावर सोडणारे ते नव्हते. "आणि गेलतो? न्हाई? ते चूक का बरोबर? परीक्षेत काय लिहायचं?"

मी तो प्रश्न तसाच वर्गापुढे टाकला. "मोबाइलने 'होती' लिहिलं. आपण 'हुती' म्हणालो. चूक कुणाची?" मोठी खडाजंगी झाली. बडबड्याचं म्हणणं, मोबाइल पुण्याचा आहे, त्याला आपलं कळत नाही. एकीचं म्हणणं, पुस्तकातही 'होती'च असतं, मग पुस्तकपण पुण्याचं का? शेवटी शेवटच्या ओळीतून आवाज आला. तीच. "दोनी लिव्हू की बाई. एक घरचं, एक पुस्तकाचं."

तसंच ठरलं. फळ्याचे दोन भाग केले. डावीकडे घरचं, उजवीकडे पुस्तकाचं. कुटं, कुठे. हितं, इथे. गेलतो, गेलो होतो. पोरं घरून शब्द गोळा करून आणायला लागली. रोज दुपारी आमचा 'चूक धरा' हा खेळ सुरू झाला. एकाने बोलायचं, बाकीच्यांनी पडद्यावर चूक धरायची, जो धरेल त्याने ती दुरुस्त करून पुन्हा वाचायची. माझ्या स्कूटरला त्या दिवसांत पंख फुटले होते. खिंड चढताना मी मोठ्याने बोलत जायचे, आज काय करू, उद्या काय करू. वाटेतले गुराखी मला येडी समजले असतील.

सगळ्यात जास्त चुका ती धरायची. एक कारण मला नंतर कळलं. ती घरी वडिलांच्या मोबाइलवर सराव करत होती.

हे कळलं तेही तिच्या आईकडून. एका दुपारी ती तरातरा शाळेत आली. तंबूंवरचा स्वयंपाक उरकून थेट आलेली, हातावर पीठ वाळलेलं.

"जयभीम बाई."

"जयभीम ताई, या ना, बसा."

"बसत न्हाई. पोरगी सांजच्याला बापाच्या मोबाइलला तोंड लावून बसती. काल सगळं नेट संपवलं. तंबूवाल्या मालकाचा 'रातच्याला माणसं न्हाईत' ह्यो निरोप आला न्हाई, आमी दोघं तितं जाऊन उगंच बसलो. मोबाइलनं डोळं जात्यात म्हंत्यात. तुमी शाळेत पुस्तक सोडून ह्येच शिकिवता व्हय?"

ती मुलगी दप्तरामागे तोंड लपवायची बाकी होती. मी समजावत बसले असते तर ते लेक्चर झालं असतं. मी मुलीला म्हटलं, "आईचं लिहून घे."

तिने घाबरत, टीव्हीला जोडलेला माझा मोबाइल खिडकीपाशीच आईपुढे धरला. आई गोंधळली. "मी काय बोलू ह्यात?"

"बोल की आये. भाकरी कशी करती ते सांग."

"भाकरी कशी करत्यात! करायची आपली." मग पदर सारखा करून, जरा सरळ उभी राहून ती बोलायला लागली. "तांदळाचं पीठ हुकळत्या पाण्यात घालायचं. वाफ धरू द्यायची. हाताला पाणी लावून मळायचं, घाई करायची न्हाई. कड फाटली की भाकरी गेली."

टीव्हीवर ओळी उमटल्या. आईची नजर त्यांवरून अशी फिरली जशी माझी एखाद्या परक्या लिपीवरून फिरेल. मुलगी पुढे गेली. बोट ठेवलं आणि वाचायला लागली. अडखळत, पण शब्दाला शब्द जुळवत. शेवटच्या ओळीवर आली आणि तिने तोंडावर हात दाबला. "आये, तुजी बकरी गेली! ह्यानं भाकरीची बकरी केली!"

पोरं खदखदली. आई हसली नाही. ती पडद्याकडे बघत होती.

"ह्ये सगळं मी बोलले त्येच हाय?"

"व्हय. निस्ती बकरी तेवढी चुकली."

"आन् तू वाचलंस. पाठ केल्यालं न्हाई."

"तू आत्ताच तर बोललीस. पाठ कसं करू?"

आईने पडद्यावरच्या एका ओळीवरून बोट फिरवलं. मग माझ्याकडे वळून, आल्यापासून पहिल्यांदा हळू आवाजात म्हणाली, "माझं बोलणं लिव्हण्याजोगं हाय व्हय, बाई?"

मी होकाराची मान हलवली. जाताना तिने लेकीला दम भरला, की मोबाइल जेवणाआधी थोडाच वेळ मिळेल आणि तोही आईच्या डोळ्यांसमोर. "मालकाचा निरोप चुकला तर बघ." मुलीने एवढ्या जोरात मान डोलावली की वेणी सुटली.

थंडी वाढली आणि एका सकाळी मी पोहोचले तर वीज नाही. आदल्या दिवशी एका गाडीने वळणावर खांबाला धडक दिली होती, तारा लोंबत होत्या. गावाजवळचा मोबाइलचा टॉवरही बंद. टीव्ही म्हणजे भिंतीवरचा काळा पाट. दुपारचा 'चूक धरा' होणार नाही म्हटल्यावर पोरांची तोंडं उतरली. माझंही उतरलंच. मनात भीती होती, की आपण सगळा डोलारा या एका तारेवर उभा केला की काय? उद्या टीव्ही बिघडला, नेट गेलं, तर ही पोरगी पुन्हा भिंतीला टेकून बसणार?

मी तिसरीला गणितं घालून दिली. चौथीला म्हटलं, पुस्तक काढा, चित्रं काढा, काय हवं ते करा. थोड्या वेळाने मागून पुटपुटणं ऐकू आलं. पाहिलं तर ती खिडकीखाली बसलेली, मांडीवर मराठीचं पुस्तक, बोट ओळीवर. पान कोणतं म्हणून मी वाकून पाहिलं. पुढचा धडा. अजून शिकवलाच नव्हता.

मी जागच्या जागी उभी राहिले. हललं तर थांबेल असं वाटलं. ती चालली होती, बैलगाडी चढाला लागते तशी. एका जोडाक्षरापाशी अडली, दोन्ही अक्षरं सुटी म्हणून पाहिली, जोडून पाहिली, पुढे गेली. परिच्छेद संपला. ती परत वर गेली आणि पुन्हा पहिल्यापासून वाचू लागली. दुसऱ्यांदा संपल्यावर तिने वर पाहिलं. चेहऱ्यावर थोडी निराशाच होती.

"बाई, ह्याच्यात चूक घावंना."

मी खाली तिच्याशेजारी फरशीवर बसले. हसावं की रडावं ते कळेना. तिने संपूर्ण परिच्छेद चूक शोधण्यासाठी वाचला होता, दोनदा वाचला होता, आणि आपण काय केलंय याचा तिला पत्ताच नव्हता!

"अगं, तू धडा वाचलास," मी म्हटलं. "न शिकवलेला. एकटीने."

तिने पुस्तकाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग पुस्तक उलटं करून मुखपृष्ठ पाहिलं, जणू तेच पुस्तक आहे ना याची खात्री करत होती. "मंग फुडं वाचू?"

"वाच. मोठ्याने वाच."

आवाज ऐकून सर शेजारच्या खोलीतून आले. दारात थांबले. धडा अर्धा झाला तेव्हा ते मागच्या मागे गेले आणि पहिली-दुसरीची सगळी पोरं घेऊन आले. कुणी काही न सांगता पोरं बसली. ती वाचत राहिली. कुठे अडली की बडबड्या सांगायला तोंड उघडायचा आणि मी डोळे वटारायचे. धडा संपला तेव्हा सरांनी टाळी वाजवली आणि मग काय, सगळी शाळा टाळ्या वाजवत सुटली. सरांनी शर्टाच्या खिशातून रिमोट काढला, माझ्या टेबलावर ठेवला आणि निघून गेले. वीज तर नव्हतीच. पण तो रिमोट तेव्हापासून माझ्या ड्रॉवरमध्ये असतो.

आम्हा शिक्षकांची महिन्याला एक शिक्षण परिषद भरते. आसपासच्या शाळांचे शिक्षक एकत्र येतात, कुणी काही नवं केलं असेल तर मांडतात. मी एरवी मागच्या खुर्चीत बसणारी. पण वीज आल्यावरच्या परिषदेत मी स्वतः उठले आणि सांगायला सुरुवात केली. मला वाटतं मी फार भरभर बोलले. कुणीतरी म्हणालं, आमच्याकडे नेटच येत नाही. मी म्हटलं, आमच्याकडेही एकाच खिडकीत येतं. लोणावळ्याच्या बाजूच्या एका बाईंनी विचारलं, त्यांच्या वर्गात बिहारची, कर्नाटकची मुलं आहेत, त्यांचं काय? मला माहीत नव्हतं, तसं सांगितलं. मग एका तरुण गुरुजींनी तिथेच मोबाइल काढला आणि बोलून पाहिलं. त्यांच्या शेजारच्यांनी काढला. बघता बघता सगळा हॉल मोबाइलशी बोलत होता, एकमेकांच्या चुका दाखवून हसत होता, आणि अध्यक्ष टेबल वाजवून शांत व्हा, शांत व्हा म्हणत होते. लोणावळ्याकडच्या त्या बाईंचा पुढे फोन आला. त्यांच्या वर्गातल्या एका मुलाने त्याच्या घरच्या भाषेत लिहून घेतलं होतं आणि मग सगळ्यांना त्याचा मराठी अर्थ सांगितला होता. आम्ही फोनवर किती वेळ बोललो कुणास ठाऊक, माझी आमटी करपली.

सगळ्यांनाच हे लागू पडलं असं नाही. माझ्याच वर्गातला एक मुलगा बोलायला कायम पहिला, पण पडद्यावर काय आलं ते बघायचा कंटाळा. त्याला शेवटी कार्डांनीच हात दिला. आणि शुद्धलेखन म्हणाल तर तिचंही अजून डळमळतंच. ऱ्हस्व-दीर्घाशी तिचं जमत नाही.

ती आता पवनानगरच्या मोठ्या शाळेत जाते, जीपने. मधे मधे शनिवारी येते, पोरांबरोबर 'चूक धरा' खेळते आणि जिंकते.

परवा शाळा सुटताना तिची आई फाटकात उभी होती. मला वाटलं लेकीचं काहीतरी असेल. तिने कमरेच्या पिशवीतून मोबाइल काढला आणि माझ्यापुढे धरला. तंबूवाल्या मालकाचा निरोप होता. मी वाचायला वाकले तर तिने मोबाइल मागे घेतला.

"तुमी न्हाई. मी वाचते."

पोरगी वाचायची तेव्हा शेजारी बसून बसून तिनेही अक्षरं जुळवायला घेतली होती, हे मला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हतं. तिने बोट ठेवलं. "उ... द्या. उद्या. मा... ण... सं. माणसं. जा... स्त." ती थांबली, श्वास घेतला. "उद्या माणसं जास्त. भा... क... री. भाकरी! तांदळाची!"

शेवटचे शब्द ती जवळजवळ ओरडलीच. रस्त्याने जाणारी जीप हळू झाली.

"पोरीला न्हाई इचारलं," ती म्हणाली. "कुणालाच न्हाई इचारलं."

मी तिचे हात धरले. आम्ही दोघी तिथे फाटकात उभ्या राहून नुसत्या हसत होतो, एकमेकींकडे बघून. मग तिला एकदम भान आलं. "जाते बाई. माणसं जास्त हायेत, पीठ दळायचं ऱ्हायलंय," असं म्हणत ती गिरणीच्या दिशेने झपाझप निघाली.